पितळी भाग, नग एक

शांतवन तोरणे पहिल्यांदा वर्कशॉपात आले
तेव्हा सातपूरची दुसरी पाळी सुटत होती.
रुमालातून ट्रॉम्बोनचा माउथपीस काढला,
लेथच्या बेडवर ठेवला आणि म्हणाले,
हा गोल आहे.
मी म्हटलं, गोलच असतो ना?
ते म्हणाले, माझं तोंड नाही.

खरंच नव्हतं.
देवळालीच्या बँडात असताना ट्रकवरून पडलेले,
वरचा ओठ तिरका शिवलेला,
एक दात सारखा पुढे,
शेजारी कोण राहायला आलंय ते बघणारा.
आता वरातीत तिसऱ्या गाण्याला रक्त यायचं.

आम्ही तांबट आळीचे.
आमच्या सात पिढ्यांनी हंडे घडवले, पाण्यासाठी.
पितळ ठोकलं की वाजतं, एवढं माहीत.
फुंकलं की वाजतं
ही विद्या आमच्या घरात नव्हती.

पहिला केला लंबगोल.
ओठावर असा बसला, जसा अंगठा वाटीच्या काठावर.
खालचे सूर सुरेख आले, संथ,
पोट भरलेल्या म्हशींसारखे एकामागून एक.
पण पंचवटीत कुणा मामाचा नाचताना धक्का लागला,
माउथपीस पाव फेरा फिरला,
आणि नवरदेव घोड्यावर दचकला.
घोडा नाही दचकला. घोड्याला सवय होती.

दुसरा शिसवी लाकडाचा,
कारण जानेवारीत पहाटे पितळ ओठाला डसतं.
ऊब होती. आवाज मात्र
कपाटात बसून कुणीतरी निरोप सांगावा तसा.
आठवड्यात थुंकीनं फुगला,
नळीतच रुतला.
हेअर ड्रायरनं अख्खी दुपार त्याची मनधरणी.

तिसरा साडेचारशे ग्रॅम, नुसता वरवंटा.
होळकर पुलाखाली जाऊन वाजवला,
आवाज गंगेवरून पलीकडे गेला,
दगडी घाटाला शिवून भरल्या अंगानं परत आला.
मी खूश.
तोरणे म्हणाले, मोठा आहे, मान्य.
पण लग्नातल्या गाण्याला वळणं फार,
आणि हा वळायला हातगाडीएवढी जागा मागतो.

चौथ्याबद्दल
मी बोलणार नाही.

पाचव्याला चकचा एक जबडा ढिला होता.
भोक मधोमध पडलंच नाही,
दीड मिलिमीटर डावीकडे सरकलं.
मी शिवी दिली, भंगारच्या डब्यात टाकला.
तोरण्यांनी वाकून तो उचलला,
पँटला पुसला, लावला,
आणि एकच सूर धरला. लांब. बिनकंपाचा.
समोरच्या टपरीवाल्यानं गॅस बारीक केला.
ट्रक धुणारा पोरगा पाइप हातात धरून उभा,
पाणी वाहतंय तिकडे लक्ष नाही.
सूर संपला तेव्हा तोरण्यांनी बोटानं ओठ चाचपला,
बोट बघितलं.
कोरडं.

मग मीच हावरा झालो.
व्हर्नियर लावून सगळी मापं घेतली,
कागदावर उतरवली,
तसेच आणखी दोन काढले, केसाचाही फरक नाही.
दिंडोरीच्या बँडातला सुहास बैरागी
लावून बघायला आला. बावीस वर्षांचा, सरळ दातांचा.
गाल फुगवले, डोळे लाल केले,
टायरमधली हवा सुटावी तेवढाच आवाज.
म्हणाला, काका, हा बिघडलाय.
तोरणे हसले. त्याचाच घेऊन वाजवला,
वाजला.

नवीन तऱ्हा चांगली वाजते का,
असं मला आता बँडवाले फोन करून विचारतात.
मी म्हणतो, आधी तुम्ही या.
तोंड घेऊन या.
कुठे पडला होतात, कुणी शिवलं, काय हुकलं,
तेही सांगा जमलं तर.
मग बघू भोक कुठे पाडायचं ते.

तोरण्यांनी पावती मागितली, बँडमालकाला दाखवायला.
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
शेवटी लिहिलं,
पितळी भाग, नग एक.
रक्कम त्यांनीच भरली.
मापाच्या रकान्यात
मी काही लिहिलं नाही.